चार नंबरची शाखा

“एकूण पुस्तकं किती?” नव्या बाईंनी पर्स टेबलावर ठेवायच्या आधीच विचारलं.

मामांनी मान खाजवली. चार नंबरच्या वाचनालयात ते एकोणतीस वर्षं शिपाई होते. ग्रंथपालाची खुर्ची दोन वर्षं रिकामी, त्यामुळे शिपाई तेच, ग्रंथपाल तेच आणि कपाटामागचे उंदीर हाकलणारेही तेच.

“असतील अकरा-बारा हजार.”

“‘असतील’ चालणार नाही. एकेक मोजायचं.”

मामांना काळजी होती, ती पुस्तकं मोजण्याची नव्हे. महिनाभर नगरपालिकेत कुजबुज होती की चार नंबरला कुणी फिरकत नाही, ती बंद करून जागा वाहनतळाला द्यायची आणि त्यासाठी मुख्य कचेरीतून माणूस येणार. बाई नव्या, त्यांना ठाऊक नसेल, म्हणून मामांनी हे त्यांच्या कानावर घातलं.

बाईंनी कपाटाच्या काचेवरची धूळ बोटाने पुसून आत पाहिलं.

“ऐकलंय मी. तोवर आपण मोजू.”

पहिला आठवडा दोघांनी धूळ खाल्ली. बाई कामापुरतं बोलायच्या. कुणी सभासद आलाच तर तो किती वेळ बसला, ते वहीत टिपायच्या.

“शिस्तीची आहे,” मामा घरी बायकोला म्हणाले, “पण ओलावा नाही गं.”

“तुम्हाला ओलावा कशाला हवा? पुस्तकांना बुरशी लागेल,” बायको म्हणाली.

आठव्या दिवशी पाच वाजता मामा कुलूप लावत होते, तेवढ्यात एक नर्स धापा टाकत आली. दोन वर्षांपासून सभासद होती, पण तिची ड्यूटी सहाला सुटायची आणि वाचनालय पाचला बंद व्हायचं. आज कसंबसं लवकर निघाली होती.

“वॉर्डात एक आजोबा आहेत. डोळे गेलेत त्यांचे. त्यांना वाचून दाखवायला काहीतरी द्या ना.”

“वेळ संपली, ताई,” मामा म्हणाले.

“या आत,” बाई म्हणाल्या. त्यांनी एक कपाट सताड उघडलं. “घ्या, तुम्हीच निवडा.”

मामा बघतच राहिले. सभासदाने चिठ्ठी द्यायची आणि शिपायाने पुस्तक आणून द्यायचं, हा इथला रिवाज. सभासदाचा हात कधी कपाटाला लागला नव्हता. नर्सने पुस्तकं चाळली, हुंगली, दोन परत ठेवली, तीन घेतली. पाऊण तास गेला. ती गेल्यावर बाई वहीकडे बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांनी वही मिटली.

“मामा, उद्यापासून आठपर्यंत उघडं ठेवायचं.”

तिथून चक्रंच फिरली. काचेची दारं निघाली. मोजलेलं प्रत्येक पुस्तक संगणकात गेलं, प्रत्येकाच्या पाठीवर रेघांची पट्टी चिकटली.

मामांचं तोंड मात्र उतरलं. “हे यंत्र आल्यावर मला कोण विचारतो?”

“पुस्तक कुठे आहे ते यंत्र सांगेल,” बाई म्हणाल्या. “कुणाला कुठलं द्यायचं, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?”

मामा एका बोटाने टाइप करायला शिकले.

नर्सने खटपट करून इस्पितळाची मोडीत निघालेली रुग्णवाहिका मिळवून दिली. एका सुताराने तिच्यात पुस्तकांसाठी फळ्या ठोकल्या. आठवड्यातून दोनदा ती टेकडीवरच्या वस्तीत जाऊ लागली आणि ड्रायव्हरशेजारी मामा राजासारखे बसू लागले. बायका कणकेच्या हातांनी धावत यायच्या, पदराला हात पुसून पुस्तक घ्यायच्या. चौसष्ट सभासदांचे नऊशे झाले. संध्याकाळी बसायला खुर्ची मिळेना.

मात्र ‘त्या’ माणसाची धास्ती होतीच. मामा डोळ्यांत तेल घालून दाराकडे बघायचे. एकदा फाइलवाला गृहस्थ आला, त्याला त्यांनी सगळं वाचनालय फिरवून दाखवलं. तो विजेचं मीटर बघायला आला होता. दुसरा विमा विकायला. तो सभासद होऊन गेला.

मुख्य कचेरीचा फोन आला की बाई बाहेर व्हरांड्यात जायच्या.

“काम अजून पुरं झालेलं नाही, साहेब,” एवढंच मामांना ऐकू यायचं. परत येताना बाईंचा चेहरा ओढलेला असायचा.

तीन महिन्यांनी विषय नगरपालिकेच्या सभेत आला. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नर्स आली होती, सुतार आला होता, टेकडीवरची अख्खी वस्ती उतरली होती. बाईंनी उभं राहून अहवाल वाचला. आवाज एकसुरी होता. शेवटी त्यांनी एवढंच म्हटलं, “इथे कुणी फिरकत नव्हतं, हे खरं होतं. कारण आपण दार लावून बसलो होतो.”

मतदान झालं. दोघं सोडून सगळे हात वर. चार नंबर राहणार आणि तिच्यासारखंच इतर तीन शाखांतही करायचं. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. टेकडीवरच्या बायकांनी मामांना मधे घेतलं. एकोणतीस वर्षांत त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. त्यांनी डोळे पुसले आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला बघितलं.

गर्दी पांगल्यावर दोघं पायऱ्यांवर टेकली. बाई पहिल्यांदाच मोकळेपणी हसत होत्या.

“जिंकलो, बाई, आपण,” मामा म्हणाले. “एकाच गोष्टीचं नवल वाटतं. आपल्याला बंद करायला माणूस पाठवणार होते ना? एवढी वाट पाहिली, शेवटपर्यंत आलाच नाही.”

बाईंनी हातातला अहवाल मिटला.

“आली होती, मामा,” त्या म्हणाल्या. “तीन महिने तुमच्यासमोरच बसत होती.”