खरखर

समुद्रतळाशी टाकलेल्या टेलिफोनच्या केबलमध्ये विरत जाणारा आवाज मोठा करून पुढे धाडणारे ट्रान्झिस्टरचे रिपीटर तिने डिझाइन केले होते. आवाजाबरोबर खरखरही वाढायची. ती कमी करण्यात तिची सहा वर्षं गेली. “खरखर काढता काढता मलाही पुसून टाकशील गं,” बाबा चिडवायचे. आता ते समुद्रापलीकडे अंथरुणाला खिळलेले. इकडे तिला नववा महिना, प्रवास बंद. फोन लागताच ताईने रिसीव्हर त्यांच्या तोंडाशी धरला. “बोलत नाहीत गं. तूच बोल.” बाळाच्या लाथांबद्दल ती बोलत राहिली. पलीकडून फक्त श्वास येत होता. एक. बऱ्याच वेळाने आणखी एक. मग काहीच नाही. कान लावून बसलेला नवरा म्हणाला, “लाइन तुटली वाटतं.” तिला न काढता आलेली बारीक खरखर कानात तशीच होती. “नाही, लाइन चालू आहे,” ती म्हणाली.