अनुभवाचा रकाना

अर्ज सुगंधाकडे परत सरकवत कारकून म्हणाले, "कायमचा पत्ता नाही, ओळखीच्या दोघांच्या सह्या नाहीत, अनुभवाचा रकानाही कोरा. कसा घेऊ, सांग बरं?"

नोकरी होती एका संस्थेत, बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलींना सोबत करायची. सुगंधा स्वतः चार वर्षांपूर्वी तिथूनच बाहेर पडलेली. पत्ता तरी कुठला लिहिणार? भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलायची. ती उठलीच होती, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून ऐकणाऱ्या संस्थेच्या मुख्य बाईंनी विचारलं, "बाहेर पडल्यावर सगळ्यात अवघड काय गेलं गं?"

"जेवण," ती म्हणाली आणि ओशाळली. "म्हणजे डबा होता हो. पण आमच्याकडे घंटा झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी खोलीवर डबा पुढ्यात घेऊन मी संध्याकाळपर्यंत बसून होते. आता घंटा होणारच नाही, हे डोक्यातच येईना."

बाईंनी अर्ज ओढून घेतला. पत्त्याच्या आणि सह्यांच्या रकान्यांवर काट मारली. "यापुढे हे दोन छापायचे नाहीत," त्या कारकुनांना म्हणाल्या. अनुभवाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं, 'आहे.'

सोमवारी दुपारी साडेबाराला सुगंधाने नव्या टेबलावरून पहिला फोन लावला. आदल्याच दिवशी बालगृह सोडलेली मुलगी पलीकडून "हॅलो" म्हणाली. "डबा आलाय, ताई. तशीच बसलेय समोर."

सुगंधाने चमचा घेऊन स्टीलच्या पेल्यावर तीनदा वाजवला.

"घंटा झाली गं. बस जेवायला."