वाफेची पेटी

पोपटाच्या फुफ्फुसांना बुरशी धरली होती. डॉक्टरबाईंनी त्याला औषधाच्या वाफेच्या काचपेटीत बसवलं आणि सफाईवाल्या मावशींना बजावलं, "कितीही धडपडला तरी वाफ संपेपर्यंत उघडायचं नाही."

"धडपडून जाणार कुठे बापडा!" मावशी हसल्या. बाई दार ओढून गेल्या.

काच धुरकट झाली. आतली घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मावशींनी सहज बाहेरून फडकं फिरवलं, तर ते चिंब भिजलं.

पुसलेल्या काचेपलीकडे पोपट कोरडा, टुकटुकीत बसला होता. वाफ सगळी खोलीत होती. घरघर मावशींच्याच छातीत होती.

त्या दाराकडे धावल्या. रोजच्या त्या दाराला आज आतून मूठच नव्हती.

"बाई, उघडा हो!"

दारापलीकडून उत्तर आलं ते मावशींच्याच आवाजात, हसत हसत. "धडपडून जाणार कुठे बापडी!"