पिंपळाच्या झपझप फेऱ्या

पाराजवळ नारळ घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई दिसल्या आणि कुंदाचे पाय थबकले.

"थांबलीस का? फिर," भागाबाई म्हणाल्या. नरडाण्याच्या माहेरची बोली अजून त्यांच्या जिभेवर होती. "आज नवसाचा नारळ फोडायचा शे."

कुंदाच्या गालांवरचे तांबडे चट्टे आणखी तापले. ल्युपस नावाचं हे दुखणं दोन वर्षांपासून अंगात होतं. सांधे धरायचे, ऊन सोसायचं नाही, भाकरी थापायला बोटं वळायची नाहीत. त्याहून वाईट म्हणजे सकाळी उठावंसंच वाटायचं नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता पडून राहू नका. उन्हं यायच्या आत झपझप चाला. बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतकं झपझप."

पण पिंप्राळ्यात सुनेनं कामाशिवाय रस्त्यावर कसं चालायचं? "घरात तवा उचलवत नाही, अन् बाहेर पळते," शेजारच्या प्रमिलाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मग कुंदानं देवाचा आडोसा घेतला. पहाटे पिंपळाला फेऱ्या.

बायका म्हणू लागल्या, कुंदा मूल मागतेय. तिनं नाही म्हटलं नाही. भागाबाईंनी तर गोड सोडलं. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा त्यांनी कपाळाला लावून परत ठेवला. त्या दिवशी कुंदानंही आपल्या हातातला तिळगूळ डब्यात परत टाकला.

आणि तिला बरं तर वाटत होतं. बोटं वळू लागली होती. काल कित्येक महिन्यांनी तिनं भाकरी थापली, थापताना गुणगुणलीसुद्धा. जितकं बरं वाटे, तितकी लाज वाढे. देवाभोवती फिरताना तिच्या ओठांवर स्तोत्र नसायचं. नुसता दम.

आता खरं बोलायचं म्हणजे हे चालणं सुटायचं. तरी ती बोलली.

"आत्याबाई, मी काही मागत नव्हते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून फिरत होते. देवाला फसवलं मी. तुम्हालाही."

"माले ठाऊक शे." भागाबाई शांतपणे म्हणाल्या. "प्रदक्षिणा कशी घालतात? दिवस भरलेली बाई डोक्यावर तेलाचा घडा घेऊन चालते, तशी. तू तर धुळ्याची गाडी सुटल्यागत पळतेस!"

"मग त्या बायका..."

"मुलाचा नवस त्यांना मीच सांगितला. दुखण्यासाठी फिरते म्हटलं असतं, तर फिरू दिलं असतं का तुला?"

"आणि तुम्ही गोड सोडलं ते?"

"ते तुझ्या हातची भाकरी मिळावी म्हणून. काल मिळाली."

कुंदाला वर बघवेना. भागाबाईंनी नारळ तिच्या हातात दिला, चपला काढल्या आणि पदर सारखा केला.

"देवाच्या दारात खोटं तर मी बोलले, पोरी. तू नारळ धर. आधी मला फेऱ्या घालू दे, हळूहळू."