गटाराच्या पाण्याची बाटली

पेनिसिलिन चिंगीच्या जखमेपुढं केव्हाच हरलं होतं. लोणावळ्याच्या इस्पितळात डॉक्टर वेणूताईंची सगळी भिस्त मागच्या गटारावर होती. अशा घाणीत जखमेतल्या जंतूंना खाणारे विषाणू सापडतात. म्हणून त्यांनी चिंगीच्या आईला, सावित्राबाईला, बाटली देऊन तिथलं पाणी आणायला धाडलं. चिंगीच्या जखमेतले जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत ते पाणी ओतून दोन दिवस झाले, तरी जंतूंचा थर जसाच्या तसा होता. "मावशी, पाणी गटाराचंच होतं ना?" वेणूताईंनी सावित्राबाईला विचारलं. "व्हय बाई. पर तसंच कसं द्यावं? आवारातल्या चुलीवर खळखळा उकळलं." विषाणू चुलीवरच मेले होते. वेणूताई ओरडणार, तोच ती म्हणाली, "तुमीच गावात शिकवलंत न्हवं, उकळल्याबिगर पानी लेकराला देऊ नगा." नव्या पाण्याला पुन्हा दोन दिवस लागणार होते, चिंगीकडं एकच होता. सावित्राबाईनं बाटली उचलली. "पुन्यांदा आनते. या खेपेला जास्ती येळ उकळते."