घट्ट झाकणाची बरणी

"हे घ्या तुमचं शिरस्त्राण. उद्यापासून मी येणार नाही."

शिंपीणबाईंनी डोक्यावरची तारांची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि त्या व्यायामाच्या सायकलवरून उतरल्या. थेरपिस्ट बघतच राहिली. कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगणारा बाईंचा नवरा, हाडाचा प्लंबर, दचकून सरळ झाला.

बाई हट्टी खऱ्या, पण रडव्या नव्हत्या. मानेपासून टाचेपर्यंत सगळं अंग वर्षानुवर्षं ठणकत होतं. आधी कात्री सुटली, मग दुकान जावेकडे गेलं. तपासण्यांत काही सापडेना, तेव्हा 'मनाचे खेळ आहेत' म्हणून लोक मोकळे झाले. नवरा मात्र तसं कधीच म्हणाला नाही. तो मुकाट्यानं घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायचा.

मग ही पोरगेलीशी थेरपिस्ट भेटली. "काकू, तुमचं दुखणं खरं आहे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "मेंदूतली धोक्याची घंटा वाजायची थांबत नाहीये. टोपीतून येणारी हलकी वीज मेंदूला जरा निवांत करील. पण त्याच वेळी अंग हलवायचं, हळूहळू जोर वाढवत न्यायचा. हलण्यात धोका नाही, हे त्याला पटायला हवं ना!" बाईंना तिचा फार आधार वाटला. घरी जाताच त्यांनी नवऱ्याला बजावलं, "साखरेची बरणी यापुढे मीच उघडणार. सैल ठेवायची नाही." शिंपिणीला काहीतरी माप लागतंच.

"मग बिघडलं कुठे?" थेरपिस्टनं आता विचारलं. "पहिल्यापेक्षा कितीतरी जड पेडल मारताय तुम्ही."

"तुमची सायकल काहीही सांगेल. माझं माप हे." बाईंनी पिशवीतून साखरेची बरणी काढून दाणकन टेबलावर ठेवली. "पहिल्या दिवशी हिनं जेवढा घाम काढला, तेवढाच काल सकाळीही काढला. तसूभर फरक नाही. आज उघडलीच नाही, मुद्दाम तुम्हाला दाखवायला आणलीय." फार आशा लावून बसल्या होत्या बिचाऱ्या.

थेरपिस्टनं झाकण फिरवून पाहिलं. हलेना. रुमाल गुंडाळून पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला, झाकण जागच्या जागी. नवरा एकाएकी छताकडे बघू लागला.

"अहो, तोंडात गुळणी धरून काय बसलात? सांगा ना, खोटं बोलतेय का मी?"

"नाही गं." तो चाचरत उठला. "रोज झोपायच्या आधी मीच आवळतो ती. आदल्या दिवशीपेक्षा जराशी जास्त. जोर वाढवत न्यायचा, असं ह्या म्हणाल्या होत्या ना."

बाईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की तो भिंतीपर्यंत मागे सरला. मग त्यांनी बरणी पोटाशी घट्ट धरली, दात आवळले आणि सगळा राग झाकणावर काढला. कट्‌कन आवाज झाला. झाकण त्यांच्या हातात आलं.

थेरपिस्टनं टाळ्या वाजवल्या. नवऱ्याचे डोळे भरून आले होते.

"काय बाई आहेस तू!" तो म्हणाला. "हातानं आवळून भागेना, म्हणून काल रात्री मी पाना लावला होता."