खिडकीतला गोड रंग

"सत्तावीस?" इव्हेटने पत्र उलटसुलट करून पाहिलं. "अगं, पोरीने शिशाची गोळी गिळली की काय?"

रोशेलने पत्र तिच्या हातून काढून घेतलं. शाळेत नाव घालायचं तर रक्तात शिसं किती, याचा कागद लागतो. त्यासाठी ती मागच्या आठवड्यात चौकातल्या तपासणीच्या गाडीत जाऊन आली होती. बोटाला सुई, रक्ताचा एक थेंब, वर एक लॉलीपॉप. आपल्या पोरीच्या, झारियाच्या, नावाचा कागद स्वच्छ येणार याची रोशेलला खात्री होती. तशी तजवीजच तिने केली होती.

पोराच्या रक्तात शिसं जास्त निघालं की नगरपालिकेचा तपासनीस घर बघायला येतो. घरमालकाने दारात उभं राहून बजावलं होतं, "माझ्या घरात तपासनीस शिरला, तर त्याच दिवशी घर विकीन. मग खुशाल सरोवराकाठी तंबू ठोका." मेल्याने आयुष्यात एकदा खरं बोलायचं ठरवलं ते नेमकं तेव्हाच. एवढ्या भाड्यात अख्ख्या क्लीव्हलंडमध्ये दुसरं घर मिळालं नसतं.

शंभर वर्षांचं घर ते. खिडकीच्या चौकटीचा शिसं घातलेला जुना रंग पोपडे धरून सुटत होता, आणि तो गोड लागतो हे झारियाला दोन वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. रोशेल ओरडायची, फटका द्यायची, चौकट ओल्या फडक्याने पुसून काढायची. पाठ वळली की पोरगी पुन्हा खिडकीत.

"हजारदा सांगितलं, सोड हे घर," इव्हेट म्हणाली. मग बहिणीचा चेहरा पाहून वरमली. "बरं, रडू नकोस. उद्या मोठ्या दवाखान्यात बोलावलंय ना? मी रजा टाकते. देवाची कृपा म्हणून आम्ही नव्या इमारतीत राहतो. माझी पोर तरी सुटली."

तिची पोर, जॉसलिन, खिडकीत झारियाला खेटून बसली होती. चार वर्षांची. तिच्या शाळेला अजून वर्ष होतं. इव्हेट वृद्धाश्रमात कामाला जायची, तेव्हा जॉसलिन दिवसभर इथेच असायची. रोशेलने तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांत पांढरा चुरा होता. स्वतःच्या पोरीमागे धावताना या पोरीच्या तोंडात काय जातंय, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता घर गेलं तरी चालेल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"उद्या दोघींना नेऊ," ती कशीबशी म्हणाली.

"दोघींना? माझीला कशाला?"

तेवढ्यात जॉसलिन खिडकीतून खाली उतरली आणि रोशेलचा हात धरून म्हणाली, "मावशी, तिथेपण लॉलीपॉप देतात? उद्यापण मीच झारिया व्हायचं का?"